फौजीच्या आईचं दुखणं

लग्न होऊन बोईसरजवळच्या नवापूरच्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्या सासूबाई जमिनीवर कधीच बसायच्या नाहीत. जेवताना ताट हातात घेऊन ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "कंबर धरते गो." मासळी बाजारातही त्यांनी एक लाकडी खोकं ठेवलं होतं, त्याच्या कडेवर अर्धवट टेकून त्या दिवसभर मासे विकायच्या. डोक्यावर पाटी घेऊन चालायला लागल्या की मात्र तरण्या बाईलाही मागे टाकतील अशी चाल. त्यामुळे कंबरेचं मी खरं मानलं.

माझे वडील बोईसरला कारखान्यात होते. आमचं मूळ घरही किनाऱ्यावरचंच, पण मी वाढले बोईसरच्या चाळीत, आणि माशाची पाटी माझ्या डोक्यावर कधी आली नाही. नवापूरची बहुतेक मुलं बोटीवर जातात, नाहीतर तारापूरच्या कारखान्यांत. माझा नवरा तेवढा सैन्यात भरती झाला. त्याच्या लहानपणीच सासरे वारले होते. सासूबाईंनी मासे विकून एकुलत्या एका मुलाला वाढवलं.

लग्नानंतर नवऱ्याची बदली एका मोठ्या छावणीत झाली आणि आम्हाला राहायला क्वार्टर मिळालं. तिथलं आयुष्य मला अजून आठवतं. युनिटचा छोटा दवाखाना हाकेच्या अंतरावर, मोठं हॉस्पिटल जरा पुढे. बायकांसाठी वेगळी ओपीडी, तिथे लेडी डॉक्टर. महिन्यातून एकदा सगळ्या जवानांच्या बायका एका हॉलमध्ये जमायच्या, चहा-समोसे व्हायचे आणि डॉक्टर मॅडम पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल सरळ सरळ बोलायच्या. पहिल्यांदा मी लाजून खाली बघत होते. नंतर सवय झाली.

माझी मुलगी तिथेच झाली. बाळंतपणासाठी सासूबाई आल्या होत्या. राऊंडला आलेल्या मॅडमनी मला सांगितलं, "अजून दोन महिने वजन उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही," आणि कुठले व्यायाम करायचे तेही दाखवलं. मॅडम गेल्यावर सासूबाई हसल्या.

"दोन महिने! तुझा नवरा झाला तेव्हा सव्वा महिना व्हायच्या आत मी पाटी घेऊन बोईसरला गेले. जाळ्याला सुरमई लागली होती."

त्या हसण्यात फुशारकी होती, आणि मला तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं. बाळंतपण उरकेपर्यंत त्या आमच्याकडे राहिल्या. रोज त्या ओपीडीवरून फिरायला जायच्या. आत मात्र एकदाही शिरल्या नाहीत.

पुढे नवऱ्याची बदली सीमेवर झाली, जिथे कुटुंब नेता येत नाही. क्वार्टर सोडावं लागलं. मी मुलीला घेऊन नवापूरला आले आणि गावाजवळच्या बालवाडीत शिकवू लागले.

त्या हिवाळ्यात सासूबाईंना खोकला झाला. खोकल्याची उबळ आली की त्या पटकन भिंत धरायच्या आणि दुसरा हात ओटीपोटाखाली दाबायच्या. एका सकाळी मी बालवाडीला निघाले होते, तर त्या मोरीत जाऊन बाहेर येत होत्या, परत आत जात होत्या. चेहरा घामाने निथळत होता.

"आई, काय होतंय?"

"कायनाय. तू जा."

मी गेले नाही. परत आत जाऊन आल्या आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकून म्हणाल्या, "होत नाय गो मला. कालपासून होत नाय."

"काय होत नाही?"

"लघवी."

शेजारच्या रिक्षाने मी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या सिस्टरनी त्यांना पडद्यामागे घेतलं, नळी घातली. बऱ्याच वेळाने सासूबाईंचा सुस्कारा ऐकू आला. सिस्टर हात धुवत बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अंग बाहेर आलंय. पूर्ण आलंय, म्हणून लघवी अडली. हे आजचं नाही, पुष्कळ वर्षांचं आहे. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, लांबवू नका."

घरी आल्यावर मी त्यांना चहा दिला. मुलगी अंगणात खेळत होती. त्या खाटेवर आडव्या पडल्या होत्या, छपराकडे बघत.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? काष्टा आवळून नेसला की राहतं जागेवर. आडवं झालं की आत जातं. माझ्या आयचं पण होतं. तिची आय पण तशीच गेली."

मग मला कळलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका लुगड्याचा काष्टा इतका कचकचून का बांधतात. सगळ्याच काही त्यासाठी बांधत नसतील. पण माझ्या सासूबाई बांधत होत्या. आत जुन्या लुगड्याच्या घड्या, वर काष्टा, डोक्यावर पाटी. नवरा त्या वेळी तिशीच्या पुढे गेला होता. म्हणजे तेवढी वर्षं.

बोईसरला बायकांचे एक नावाजलेले डॉक्टर आहेत. तिथे आम्ही गेलो. बाकावर बसलो, आणि आतून डॉक्टरांचा आवाज आला तशा सासूबाई उठल्या.

"बाप्या माणूस हाय. मी नाय दाखवणार."

"आई, ते डॉक्टर आहेत."

"डॉक्टर असला म्हणून काय झालं?" आणि त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "आपण मुंबईला सैन्याच्या हॉस्पिटलात जाऊ. तुमचं नाव आहे मुलाच्या कागदावर. तिथे लेडी डॉक्टर असतात."

"तो बंदूकवाल्यांचा दवाखाना. तिथं गोळी लागलेले येतात. मी काय दाखवू तिथं?"

"तुम्ही छावणीत बघितलात की. मी तिथेच बाळंत झाले ना?"

"तू त्याची बायको. मी कोण?"

"तुम्ही त्याची आई."

मला तेव्हा सारखं वाटत होतं, दवाखाना दाराशी होता तेव्हा यांचं तोंड उघडलं नाही, आणि तोंड उघडलं तेव्हा दवाखाना पार मुंबईच्या दुसऱ्या टोकाला गेला. फौजीच्या घरात बऱ्याच गोष्टी अशा असतात. हक्क असतो, पण तो छावणीच्या भिंतीच्या आत. जवान पुढे जातो, बायका-आया गावाला परततात आणि तो हक्क ट्रंकेतल्या कार्डापुरता उरतो.

सासूबाईंचं ते दवाखान्याचं कार्डही जुनं झालं होतं. नवीन करायला नवऱ्याला सांगणं भाग होतं. तिकडे फोनची रेंज कधी मिळायची, कधी नाही. एका दुपारी त्याचा फोन आला.

"अहो, आईंना मुंबईला दाखवायचंय. त्यांचं कार्ड नवीन करून पाठवा."

"काय झालंय आईला?"

"बायकांचं आहे."

"बायकांचं म्हणजे?"

मला शब्द सापडेना. गर्भाशय म्हटलं तर शाळेचं पुस्तक वाचल्यासारखं वाटतं, पिशवी म्हटलं तर बाजाराची वाटते. छावणीतल्या हॉलमध्ये इतकं ऐकलेलं, तरी नवऱ्याशी, आणि तेही त्याच्या आईबद्दल, जीभ वळेना. शेवटी म्हटलं, "पिशवी खाली आलीय त्यांची. बाहेर आलीय."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं रेंज गेली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुमच्या वेळेपासून, म्हणतात."

मग तो म्हणाला, "तिने मला कधी सांगितलं नाही."

"तुम्हाला कशा सांगणार?"

"हो. मला कशी सांगणार," तो म्हणाला. "मी साहेबांशी बोलतो."

नंतर त्याने मला सांगितलं, ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं की आईला काय आजार आहे, तर त्याच्या तोंडून निघालं, "पेट का." साहेबांसमोर मात्र त्याने खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, माझ्या आईलाही होतं. कार्ड लवकर आलं.

मुंबईला जायच्या दिवशी सासूबाईंनी काष्टा नेहमीपेक्षा घट्ट बांधला आणि पिशवीत सुक्या बोंबलाची एक पुडी घातली. डॉक्टरला द्यायला, म्हणाल्या. रिकाम्या हाताने जायचं कसं? हॉस्पिटलच्या फाटकावर सामान तपासणाऱ्या जवानाने पिशवी उघडली आणि मान मागे घेतली.

"माताजी, ये क्या है?"

"सूखा बोंबील. भूनके खाओ, अच्छा लगता."

बोईसरच्या बाजारात कारखान्यातल्या कामगारांना मासे विकून विकून सासूबाईंना हिंदी येत होती, पण फक्त विकण्यापुरती. तो बिचारा हसू दाबत म्हणाला, "अंदर नहीं जाएगा, माताजी. यहाँ रख दो, जाते टाइम ले लेना."

आत बायकांच्या ओपीडीबाहेर मोठी रांग होती. कुठून कुठून आलेल्या बायका. एक पोटुशी मुलगी डोंगराकडची, नवरा नौदलाच्या जहाजावर गेलेला, एकटीच आली होती. एक आजी मराठवाड्याच्या, मुलीबरोबर. सासूबाई सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांचा आवाज जरा सुटला. "गोळी लागलेलं तर कोणी दिसत नाय," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

नंबर आला. डॉक्टर गणवेशात होत्या, खांद्यावर पदाची चिन्हं. दक्षिणेकडच्या असाव्यात, त्यांचीही हिंदी अडखळत होती.

"ही पण फौजी?" सासूबाईंनी मला विचारलं.

"हो. साहेब आहेत."

सासूबाईंनी डॉक्टरांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग विचारलं, "तुमारे को बच्चा है?"

मी चपापले. डॉक्टर मात्र पेन खाली ठेवून म्हणाल्या, "है. एक लड़का."

"तो फिर तुमको समझेगा," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच पडद्यामागे गेल्या.

लुगडं सोडायला त्यांना वेळ लागला. मी मदतीला आत गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला, मग परत धरला. तपासताना डॉक्टर मोडक्या हिंदीत विचारत होत्या आणि सासूबाई मोडक्या हिंदीत सांगत होत्या. कधीपासून? लडका हुआ तब से. वजन उचलता? मच्छी का टोकरी, रोज. दुखतं का? दुखता नहीं, लटकता. शाम को भारी होता. इतक्या वर्षांत कुणालाच न सांगितलेलं त्या दोन भाषांच्या मधल्या त्या तुटक्या हिंदीत भराभर बाहेर येत होतं. मला वाटतं, मराठीत त्यांना हे इतकं सांगता आलं नसतं.

डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करायला हवं. सासूबाईंनी मान हलवली. आत्ता नाही, बोटी वर ओढल्यावर. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा करा, आत्ता धंद्याचे दिवस आहेत. डॉक्टरांनी समजावून बघितलं आणि मग तोपर्यंत आधार म्हणून आत एक रबराची गोल रिंग बसवली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सासूबाई चार पावलं चालून थांबल्या. परत चालल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "राहिलंय गो जागेवर." आणि थोड्या वेळाने, "बघ, विधवा बाईला सरकारनं बांगडी भरली."

मी हसावं की नाही मला कळेना. त्या स्वतःच इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तेवढं पाणी राहिलं, हसणं थांबलं. फाटकावर त्यांनी बोंबलाची पुडी परत घेतली नाही. त्या जवानाला ठेवायला लावली.

ती रिंग दर काही महिन्यांनी तपासून घ्यावी लागायची. प्रत्येक वेळी माझी बालवाडीची सुट्टी, मुलीला माझ्या आईकडे बोईसरला ठेवणं, आणि अख्खा दिवस. मी बरोबर होते, मला छावणीची ओळख होती, हिंदी येत होती. ज्या घरात नुसती म्हातारी आहे आणि मुलगा बर्फात, तिथे कोण नेत असेल? पालघरच्या आतल्या डोंगराकडच्या पाड्यांतूनही मुलं भरती होतात. त्यांच्या आयांना तर बोईसर स्टेशनसुद्धा लांब.

पावसाळ्यात बोटी वर ओढल्या आणि नवऱ्याला सुट्टी मिळाली. ऑपरेशन व्यवस्थित झालं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटायच्या वेळेतच सोडायचे. नवरा पहिल्या दिवशी आत आला, स्टुलावर बसला आणि काय बोलावं ते त्याला कळेना. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं होतं. तो उठून पायथ्याशी गेला आणि चादरीवरून त्यांचे पाय चेपू लागला.

"सोड," त्या म्हणाल्या. त्याने सोडले नाहीत.

पाय चेपता चेपता तो म्हणाला, "आई, माझ्या वेळी तू..."

त्यांनी त्याला बोलू दिलं नाही. "तुझ्या वेळी सुरमई लागली होती. त्यात तुझा काय दोष?" मग भिंतीकडचं तोंड त्यांनी त्याच्याकडे वळवलं आणि विचारलं, "जेवलास काय?"

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की आता जड उचलायचं नाही, कधीच नाही. नवऱ्याने घरी येऊन फर्मान काढलं, "पाटी बंद." तो सुट्टी संपवून गेल्यावर सासूबाई माझ्यावर उखडल्या.

"पाटी नाय उचलायची तर मी करू काय? भिंतीवर पाल बसते तशी बसू?"

"आई, परत तसंच झालं तर?"

"झालं तर झालं. एवढी वर्षं होतंच ना?"

या भांडणात मी त्यांना पूर्ण चूक म्हणू शकले नाही. पाटी म्हणजे त्यांच्यासाठी नुसता धंदा नव्हता. बोईसरच्या बाजारातली जागा, ठरलेली गिऱ्हाइकं, भाव करणं, वाटेवरच्या मैत्रिणी. आम्ही त्यांचं शरीर बरं करून आणलं होतं आणि त्या बदल्यात त्यांना घरात बसवत होतो.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा पाण्यात गेल्या. पहिली मासळी आली त्या दिवशी सासूबाई किनाऱ्यावर गेल्याच. मीही मागोमाग गेले. पाटी भरली, त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या, डोक्यावरची चुंबळ नीट केली. मग खाली वाकल्या नाहीत. नुसत्या उभ्या. मी पुढे होऊन एका बाजूने पाटी धरली, पण मला ती हलेना, आणि आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. शेजारच्या काकूंनी येऊन दुसरी बाजू धरली आणि आम्ही पाटी कडेला उभ्या असलेल्या टेम्पोत चढवली. हळूहळू तीच रीत पडली. सासूबाई आणि अजून दोघी मिळून टेम्पो करतात. चढवायला-उतरवायला कुणीतरी हात देतं. माल पूर्वीपेक्षा कमी नेतात, त्यावरून कुरकुरतात. पण जातात.

हात देणाऱ्या त्या शेजारच्या काकू काही दिवसांनी दुपारच्या आमच्या मागच्या दारी आल्या. सासूबाई आता जमिनीवर बसून सुकत घातलेली मांदेली परतत होत्या. मी तांदूळ निवडत बसले होते.

"तुजं काय केलं नक्की?" काकूंनी विचारलं.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुला पण हाय?"

काकूंनी मान खाली घातली. "थोरलीच्या वेळेपासून."

"मग आजवर बोलली का नायस?"

"तू बोललीस काय?" काकू म्हणाल्या. "आन तुजा पोरगा फौजेत. माझा होडीवर. मला कोण घेल दाखल करून?"

ते कार्ड कुणाला उसनं देता येत नाही. सरकारने सैनिकाच्या आईला जे दिलं ते कोळ्याच्या आईला त्या फाटकातून मिळणार नव्हतं. मला सगळ्यात जास्त बोचलं ते हे, की दोघींचं दुखणं एकाच कामाने आलेलं होतं.

सासूबाई उठल्या, हात पदराला पुसले. "पालघरला सरकारी हाय ना. बाई डॉक्टर कुठल्या दिवशी असते ते विचार गो," त्या मला म्हणाल्या. "मी येते हिच्याबरोबर. मला ठावं हाय आत काय विचारतात ते."

मी चौकशी केली. पहिल्या खेपेला डॉक्टरांना एका तातडीच्या बाळंतपणाला जावं लागलं आणि दोघी तशाच परत आल्या. दुसऱ्या खेपेला तपासणी झाली, रक्ताच्या चाचण्या सांगितल्या. तिसऱ्या खेपेला काकूंनाही रिंग बसवली. ऑपरेशनसाठी अजून थांबायचंय, रक्त कमी आहे, ते आधी वाढवायचंय. काकू रोज गोळ्या घेतात की नाही यावर सासूबाईंची करडी नजर असते.

तिसऱ्या खेपेहून त्या परतल्या तेव्हा मी टमटमच्या थांब्यावर त्यांना घ्यायला गेले होते. दोघी उतरल्या त्या हसतच.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" मी विचारलं.

"म्हणाली, जड काम बंद करा," काकू म्हणाल्या. "मी बोलले, बाय, मग मावरं तू नेशील काय बाजारात?"

"मग?"

"मग काय," सासूबाई म्हणाल्या, "ती बोलली, मला पाटी उचलता येत नाय. पण हिचं रक्त वाढलं की पुढच्या पावसाळ्यात ऑपरेशन करते, तेवढं मला जमतं."